काटा वीसवर होता

डिंडोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत, राहायला येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. हे पर्वत पाटियाजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. कापडाच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याची वडिलांच्या वेळची मोटार तिथे आली होती. ती चालायची छान, फक्त वेग दाखवणारा काटा बंद पडला होता. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहान पितळी दातेरी चाक असतं. ते केबल फिरवतं आणि केबल काटा हलवते. त्या चाकाचे दात झिजले होते. बाजारात तसं चाक मिळेना, तेव्हा यांनी कतारगामला एका लेथवाल्याकडून नवीन करून घेतलं. गॅरेजात जागा नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी मोटार आमच्या घरापुढे आणली.

काटा हलतो का हे बघायला आत कुणीतरी बसायला हवं होतं. यांचा जोडीदार गावी गेलेला, म्हणून मला बसवलं. मागची चाकं जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे लावले होते. यांनी इंजिन सुरू करून गिअर टाकला तशी ती चाकं हवेतच फिरू लागली. माझा हात धरून त्यांनी किल्लीवर ठेवला.

"तू फक्त काटा देख. काही वाटनं तर बंद करी टाक. घाबरू नको, मी शे ना."

आणि ते गाडीखाली गेले.

पायाखालचा पत्रा थरथरत होता. आमच्या गल्लीतल्या एकाची बोटं नुकतीच कापड विणणाऱ्या लूमच्या पट्ट्यात गेली होती, तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. खालून यांनी विचारलं, "हालना का?" काटा दचकल्यासारखा उठला. मी म्हटलं, दहा. खाली नट आवळल्याचा आवाज आला. पंधरा, म्हटलं. त्यावर ते हुं म्हणाले. मग काटा वीसवर जाऊन स्थिरावला. मी सांगितलं, पण उत्तर आलं नाही.

इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. काहीच नाही. मग खालून कापड आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी किंचित डुलली. मी किल्ली फिरवली.

"अहो," मी म्हटलं. "अहो, बोला ना."

उतरून वाकून पाहिलं तर यांच्या टाचा माती उकरत होत्या. घाम पुसायला गळ्यात टाकलेला पंचा मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्याने गुंडाळून घेतला होता. चेहरा काळानिळा पडला होता. शेजारीण ओट्यावर साड्यांचे धागे कापत बसली होती. माझी हाक ऐकून ती धावत आली आणि हातातली कात्रीच तिने माझ्या हातात दिली. मी पोटावर सरपटत आत शिरले. डोक्यावर गाडीचं तापलेलं पोट होतं. ठोकळे सरकले तर दोघंही गेलो, एवढं मला कळत होतं. पंचा इतका आवळला होता की कात्रीचं पातं आत जाईना. मी गळा आणि कापड यांच्यामध्ये बोट खुपसलं आणि कापत सुटले. बोटही कापलं गेलं. मग यांनी श्वास ओढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढे बरेच दिवस यांच्या गळ्यावर निळा वळ होता, आवाज घोगरा झाला होता. ती मोटार आहे तशी परत द्या, असं मी विनवलं. ते मात्र वळ असतानाच, गळ्यात काही न घालता, उरलेलं काम पुरं करायला पुन्हा खाली गेले. या वेळी आत शेजारणीचा नवरा बसला. मी ओट्यावर उभी राहून मिनिटामिनिटाला हाक मारत होते आणि ते न चिडता ओ देत होते. काम झालं. मोटारीचे मालक खूश झाले, आम्हा दोघांना फेरीला चला म्हणाले. मी गेले नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जायची. आसपासच्या शेडमधले लूम एका क्षणात थांबायचे. बायका बाहेर येऊन वारा घेत बसायच्या, गप्पा मारायच्या. त्या अचानक पसरलेल्या शांततेत, हे घरात असोत की नसोत, मी त्यांना हाक मारायचे.