बाई येऊन राहिल्या

उजव्या हाताचं एक बोट वर जायचं आणि डावा हात रेकॉर्डपाशी. "थांब बेटा," काका हळूच म्हणायचे, "बाई येऊन राहिल्या." मग सुई खाली टेकायची. गाणं सुरू होईपर्यंत ते बोट तसंच हवेत असायचं. मी पाणी पीत असले तर घोट तोंडातच ठेवायचे, इतका त्या बोटाचा दरारा होता.

डॅलसजवळच्या आमच्या छोट्याशा कम्युनिटी रेडिओवर दर शनिवारी दुपारी दोन ते तीन काकांचा कार्यक्रम असायचा. तीनला माझा मराठी अर्धा तास. तिथे पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे सगळे अगदी मनापासून भांडायचे. मी पावणेतीनला पोचून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, म्हणजे काकांचं शेवटचं गाणं मला हमखास सापडायचं. तीसेक वर्षं ते शेवटचं गाणं एकच होतं.

काका मूळचे नागपूरचे. शिकायला टेक्सासात आले, इथेच एका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर झाले आणि रिटायर झाले. रेडिओवर येताना कडक इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी एकदा म्हटलं, "काका, रेडिओ आहे हा. कोण बघतंय?" तर म्हणाले, "बाई पाहून राहिल्या असल्या तर?"

या बाई म्हणजे मिसिसिपीतल्या एका लहान गावच्या गायिका. चर्चमध्ये तयार झालेला गळा घेऊन माणसांच्या साध्या सुखदुःखाची गाणी गायची, याला इकडे सोल म्हणतात. बाईंनी तरुणपणी दोन गाण्यांची एकच रेकॉर्ड केली. ती चालली नाही. मग त्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. काकांना ती रेकॉर्ड विद्यार्थी असताना एका चर्चबाहेरच्या सेलमध्ये, फुटक्या कपबशांच्या खोक्यात सापडली होती. दुसरी प्रत त्यांना कधीच कुठे दिसली नाही. गाण्यात विशेष काही घडत नाही. माणूस निघून गेलाय आणि बाई म्हणताहेत, मी दिवा मालवलेला नाही.

काकांच्या ऐकणाऱ्यांत जास्त करून म्हाताऱ्या काळ्या बायका होत्या. फोन करून फर्माइशी सांगायच्या, काकांना 'प्रोफेसर' म्हणायच्या. एकीने विचारलं, तुझी बोलायची ढब ऐकल्यासारखी वाटते, गाव कुठलं? काका म्हणाले, नागपूर. पलीकडे थोडा विचार झाला आणि प्रश्न आला, ते मिसिसिपीत नक्की कुठे आलं? काका हा किस्सा डोळे पुसत सांगायचे. हसून पुसत होते असंच मला तेव्हा वाटायचं.

एकदा ते काकूंना घेऊन गाडीने बाईंच्या गावी गेले. बरोबर नागपूरहून मागवलेली साडी. चौकशी करत घर सापडलं. बाईंच्या भाचीने दार उघडलं आणि सांगितलं, मावशी चार महिन्यांपूर्वीच गेली. काकांनी साडी भाचीला दिली, तिने ती उलटी गुंडाळून पाहिली, काकूंनी नीट नेसवली, तिघं भाचीने पुढे केलेल्या केकच्या डब्याभोवती बसून रडली. पुढच्या शनिवारी काकांनी नेहमीसारखं बोट वर केलं. "बाई येऊन राहिल्या." गेलेल्या माणसाची वाट बघत राहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना दुरुस्त करायला जायचं नसतं.

मग रेडिओवाल्यांनी ठरवलं, आता सगळं कॉम्प्युटरवर. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र जागा खातं, ते जाणार. काका एवढेसे झाले. मीच म्हटलं, "काका, टेन्शन नका घेऊ. तुमच्या सगळ्या रेकॉर्डी मी कन्व्हर्ट करून देते. एका वीकेंडचं तर काम आहे."

"बाईंची मूळची मला परत पाहिजे बेटा."

"अहो, अगदी सांभाळून आणते."

दीडेकशे रेकॉर्डी होत्या. एकेक यंत्रावर लावून कॉम्प्युटरवर उतरवल्या. मी सॉफ्टवेअरमधली माणूस. एकेक फाईल कोण ऐकत बसणार? सगळ्या एकदम निवडल्या आणि दोन ऑप्शन टिक केले: खरखर काढा, सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापा. तासाभरात दीडशे गाणी आरशासारखी स्वच्छ. मूळ फाईलींवरच नव्या सेव्ह झाल्या. ऑफिसात बॅकअप न घेणाऱ्या पोरांना मी काय काय बोललेय, ते आठवून आता तोंड लपवावंसं वाटतं.

शनिवारी रेकॉर्डी परत करायला निघाले. जुलै महिना. वाटेत अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर आणि फ्रोझन पोळ्या घ्यायला थांबले. दहा मिनिटांचं काम, पण एक ओळखीची भेटली आणि आम्ही पोरांच्या कॉलेजवर बोलत एसीत उभ्या राहिलो. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. परत आल्यावर कोथिंबीर पुढच्या सीटखाली, सावलीत ठेवायचं मला बरोबर सुचलं. खोकं मागच्या सीटवर होतं, आणि बाईंची रेकॉर्ड त्यात सगळ्यात वर. दबू नये म्हणून मीच ती वर ठेवली होती.

काकांनी ती तळहातावर घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरली. कड भाजलेल्या पापडासारखी वळली होती. मी रडायला लागले.

"उन्हाला काय माहीत बेटा, बाई कोण आहेत," ते म्हणाले. "रडून काहून राहिली? फाईल आहे ना?"

"आहे काका. एकदम क्लिअर."

"मग झालं."

त्या दुपारी शेवटच्या गाण्याला काकांनी बोट वर केलं आणि बटण दाबलं. बाईंचा आवाज थेट सुरू झाला. काकांचं बोट वरच राहिलं. पहिलं कडवं संपलं तरी वरच. मग त्यांनी ते दुसऱ्या हाताने धरून खाली आणलं.

गाणं संपल्यावर ते माझ्याकडे वळले. "श्वास कुठं गेला?"

"कसला श्वास?"

तेव्हा मला कळलं. बाई गाण्याआधी श्वास घ्यायच्या. वाद्यं नाहीत, काही नाही, नुसता एक लांब, थोडा अडखळता श्वास, आणि मग पहिला शब्द. इतकी वर्षं ते बोट त्यासाठी वर जात होतं. मला ती काकांची शिस्त वाटायची. शेकडो वेळा माझ्या कानांवरून तो श्वास गेला होता आणि मी गाण्याची वाट बघत बसले होते. माझ्या सॉफ्टवेअरने त्याला खरखर आणि शांतता समजून कापून टाकलं होतं.

काका माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. "माझी माय गायची," ते म्हणाले. "जयंतीला, वस्तीत, विहारासमोर. तिचं नाव कार्यक्रमाच्या कागदावर कुठंच नसायचं, पण माय उभी राहिली की पोरं खाली बसायची, त्याच वस्तीतली तुझी काकूही त्यांच्यात. गायच्या आधी पदर कमरेला खोचायची आणि असाच श्वास घ्यायची. मी इकडं आलो, एका वर्षात ती गेली. तिचं गाणं कोणी टेप नाही केलं. कोणाजवळ टेप होता, बाप्पा? मग या बाई सापडल्या. गाणं त्यांचं, बेटा. श्वास मायचा."

मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. "अव, तीन वाजले. तुझा प्रोग्राम."

त्या दिवशी मी माइकवर काय बोलले ते आठवत नाही. पुढे कित्येक महिने दुसरी प्रत शोधली. ऑनलाइन लिलाव, जुन्या दुकानांचे फोन, बाईंच्या भाचीला पत्र. तिच्याकडेही नव्हती. वळलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून पाहिली, ती तडकली. ऑफिसच्या कॉलवर कुणी बोलण्याआधी श्वास घेतला तरी मी दचकायचे. अजून दचकते.

पण पुढच्याच शनिवारी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. शेवटच्या गाण्याआधी काका माइक बंद करायचे. त्या दिवशी त्यांनी तो चालू ठेवला. खुर्ची पुढे ओढली, शर्टाचं वरचं बटण काढलं, बोट वर केलं. आणि माइकपाशी स्वतः एक श्वास घेतला. लांब, मध्ये किंचित अडखळणारा. मग बटण दाबलं. गाणं बरोबर जिथून यायला हवं तिथून आलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. फर्माइशी करणाऱ्या म्हाताऱ्यांपैकीही कुणी काही म्हटलं नाही, फक्त एकीने फोनवर सांगितलं, बाईंचा आवाज आता पुन्हा जवळून येतो. दोन वर्षं हे चाललं. पुढे काकांच्या हृदयाचा त्रास वाढला, जिना चढून आले की घाम पुसत बसायचे, पण दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी शर्टाचं बटण निघायचंच. यंदा उन्हाळा लागायच्या आत काका गेले.

अर्विंगला एका भाड्याच्या हॉलमध्ये शोकसभा होती. वंदना झाली, चारजण बोलले. मग काकू मला म्हणाल्या, "त्यांचं ते गाणं लाव गं. मी कधी ऐकलंच नाही रेडिओवर. शनिवारी माझी हॉस्पिटलात ड्युटी राहायची."

नव्या कॉम्प्युटरवर प्रत्येक कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होत होता. मी काकांचा शेवटचा शनिवार फोनवर घेऊनच गेले होते. हॉलच्या स्पीकरला फोन जोडला आणि काकूंच्या शेजारी बसले. काकांचं निरोपाचं इंग्रजी बोलणं संपलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझं बोट कधी वर गेलं मला कळलं नाही.

मग तो श्वास आला.

काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. हॉलभर नजर फिरवली, दाराकडे पाहिलं. मी त्यांना त्या श्वासाबद्दल कधी एक शब्द सांगितला नव्हता, आणि काकांनीही सांगितला नसणार.

"सासूबाई," काकू म्हणाल्या.

बाई गायला लागल्या होत्या. काकूंनी मान हलवली.

"गाणं राहू दे बेटा. त्याच्या आधीचं तेवढं पुन्हा लाव."

मी गाणं थांबवलं आणि रेकॉर्डिंग मागे नेलं.