कॅसेटमधली मीनू

जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये एक छोटा सेल असतो. खेळ कुठवर आला, हे त्याच्याच जिवावर लक्षात राहतं. तो संपला की सगळं पुसलं जातं, आणि बदलला तरी पुसलं जातंच.

जुन्या बाजारातून आणलेली कॅसेट लावली, तर खेळाडूंच्या यादीत एकच नाव होतं, मीनू. तिचा शिपाई शेवटच्या किल्ल्याच्या पुलावर उभा होता. सेल संपत आलेला. त्याचा डाग सोडवायला सोल्डरिंग आयर्न मी तिसऱ्यांदा तापवून बंद केला आणि पुन्हा खोलीत येरझारा घालू लागलो.

"काय झालंय तुला आज?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं.

"मग तूच संपव ना तिचा खेळ."

"तिचा आहे तो."

"तिला आठवतही नसेल रे."

हेच तर टोचत होतं. तिची परीक्षा आली असेल, किंवा एक दिवस खेळावंसं वाटलंच नसेल. आपण किती गोष्टी अशा सोडून उठतो, आणि त्या तिथेच उभ्या राहतात. इतकी वर्षं खेळ जमवणाऱ्या मी तरी किती पूर्ण केले?

शेवटी सेल बदलला. यादी कोरी झाली. माझं नाव टाकायला हात होईना.

"आण इकडे," म्हणत बायकोनं स्वतःचं नाव टाकलं आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. "पुन्हा!" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच खेळत होती.

काढलेला सेल टाकवेना, ठेववेना. तो मुठीत धरून मी तिच्याशेजारी बसलो.