मेंढीसाठी गायलेलं गाणं

देवावर माझा विश्वास नव्हता, पत्रकांवर होता. इराक युद्धाविरुद्धच्या मोर्च्यांचे ते दिवस. ब्रिस्टलमध्ये मी जाईन तिथे पिशवीत गठ्ठा असायचा. त्यातलं एक पत्रक डब्याच्या दुधाविरुद्ध होतं. माझी मैत्रीण अनघा बाळंत झाली तेव्हा ते मी तिच्या फ्रिजवर चिकटवलं: ‘आईचं दूध हा बाळाचा हक्क!’ अनघाला दूध पुरत नव्हतं. बाळ भुकेनं रडायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. पुढेपुढे तर त्याला हातही लावेना. घरी तपासायला येणाऱ्या नर्सने, हेल्थ व्हिजिटरने, दुधाचा डबा आणायला सांगितला, तर मीच भांडले. “कंपन्यांचा धंदा आहे हा. हार मानू नकोस.” मुलीसाठी पुण्याहून आलेल्या तिच्या आई रोज देवीपुढे बसायच्या. “काकू, देवी काय दूध पाठवणार आहे?” असं मी तोंडावर विचारलं. त्या निरांजनात तूप घालत राहिल्या. आज ते आठवलं की कान तापतात.

अशाच एका रविवारी दुपारी अनघाच्या नवऱ्याने, समीरने, आम्हा मित्रमंडळींना बोलावलं होतं. तुवा या मंगोलियाला लागून असलेल्या, मेंढपाळांच्या मुलखातले एक वयस्कर गायक कार्यक्रमासाठी आले होते आणि त्याच्याकडेच उतरले होते. ते कार्पेटवर बसले, डोळे मिटले आणि गळ्यातून एक जाड, घुमणारा सूर काढला. तो चालू असतानाच त्याच्यावर शीळ घातल्यासारखा दुसरा, बारीक सूर उमटला. एकाच गळ्यातून दोन आवाज! आम्ही थक्क होऊन ऐकत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ रडू लागलं.

काकू त्याला घेऊन बाहेर आल्या. मागून अनघा आली, पण दारातच थांबली. गायकांनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि गाणं बदललं. तेच तेच शब्द, अगदी हळू. समीरने अर्थ विचारला.

“मेंढी कोकराला जवळ घेत नाही, तेव्हा गातात,” ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. “माझी आई गायची.”

माझं डोकंच फिरलं. “ती काय मेंढी आहे? बाईला जनावर म्हणता?”

“तू गप्प बस गं!” अनघा ओरडली. कित्येक दिवसांत तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. मग तिने त्यांना विचारलं, “आणि दूधच नसेल तर?”

“मग बाटली,” ते म्हणाले. “कोकरू जगलं पाहिजे.”

अनघाला हसू फुटलं. हसता हसताच रडू आलं. तिने हात पुढे केले. “दे गं आई.” बाळाला छातीशी धरून ती आमच्यातच खाली बसली. माझी मान वर होईना. हक्काच्या गोष्टी करत मी बाळाला उपाशी ठेवलं होतं आणि आईला गुन्हेगार केलं होतं. डबा आणायला मीच धावले.

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, वाद घालायची हौस माझी फिटली. परत आले, काकूंनी बाटली भरली, अनघाने ती बाळाच्या तोंडाला लावली. फक्त घोटांचा आवाज येत होता. काही मागायला मला तोंड नव्हतं, पण हात मात्र आपोआप जुळले. इतके दिवस आई आणि बाळाच्या मध्ये मीच उभी होते. मला बाजूला सारून ज्याने हे घडवलं, त्याचं नाव मला अजून माहीत नाही. नमस्कार मात्र त्यालाच.