ठाण्यातला डॉक्टर

डोंबिवलीतही मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तरी बहिणीला आम्ही ठाण्याला नेलं, कारण आई म्हणाली, "इथे कोणीतरी बघेल." मी हरकत घेतली नाही.

बहिणीच्या ऑफिसातली मैत्रीण सोमवारी देवमाणूस असायची. गुरुवारी तिचं नावही काढायची सोय नसायची. मला घरी यायला उशीर झाला की आधी "दादा, कुठे आहेस?", मग "येऊच नकोस" असे मेसेज. पोचेपर्यंत ती माझ्यासाठी चहा टाकून बसलेली. मे महिन्यातही अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता. आई याला स्वभाव म्हणायची, मी नाटकं.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या मानसिक आजारावरचा एक मजकूर आमच्या पेपरच्या आरोग्य पानासाठी मीच संपादित केला होता. जागेत बसावा म्हणून त्यातली दोन लक्षणं कापली होती. भांडी घासताना तिची बाही वर सरकली आणि हातावर ब्लेडने ओढलेल्या रेषा दिसल्या, तेव्हा तो मजकूर मला आठवला.

ती यायला तयार झाली, पण एका अटीवर. "मध्येच सोडून जाणार नाहीस ना?"

दवाखान्यात समोरच आमच्या सोसायटीतले काका बसलेले.

"अरे, तू इकडे कुठे?"

"एक लेख करतोय. डॉक्टरांची मुलाखत आहे."

"आणि ही?"

"हिला ठाण्यात खरेदी करायचीय."

काकांनी मांडीवरची फाइल उलटी केली. "मीपण एकाचे रिपोर्ट दाखवायला आलेलो."

तेवढ्यात बहिणीचं नाव पुकारलं गेलं. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो. ती उठली. निघून जाते की काय, असं वाटलं.

"काका, पेशंट मी आहे," ती म्हणाली. "हा सोबत आलाय."

ती आत गेली. मी आणि काका एकमेकांकडे न बघता बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. डॉक्टरांनी आजाराचं नाव अजून सांगितलेलं नव्हतं. आणखी काही भेटींनंतर सांगणार होते.

"पुढच्या वेळी घरच्या कोणालातरी आणा म्हणाले," ती म्हणाली. "आई येईल का, विचार."

"मी येतो ना."

"तू कशाला? तुझी मुलाखत झाली ना?"