चुन्याची खूण

मुलचेऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमचा जुना कॉम्प्युटर फार हळू झाला होता, नव्याला पैसा नव्हता, आणि गेलेल्या बायकोचे फोटो तेवढे त्यातच होते.

"नवा कायले घेता, बाबाजी? आतली डिस्क बदलवू, फोटो नव्या डिस्कवर टाकून देतो. उद्या आणा," तो ओठांत स्क्रू धरून बोलला.

दुकानदारच नवा माल नको म्हणतो, म्हणून मला संशय आला. घरी कॉम्प्युटरचा डब्बा उघडून मी आतल्या प्रत्येक वस्तूला तंबाखूच्या डबीतला चुना लावला. काही बदललं तर कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुकानात जुनी डिस्क सुरूच होईना. त्याने ती डोळ्याजवळ धरली.

"पिनांत चुना कोनं भरला?"

"मीच. माझा माल मले ओळखू आला पाहिजे."

तो हसला नाही. "खूण पुसल्याबिगर बाईचे फोटो दिसणार नाई. पुसू?"

"पूस. पण माझ्यासमोर."

टाचणीने त्याने एकेक पीन कोरली. पडद्यावर बायको आली, मार्कंड्याच्या जत्रेतली, उन्हाने डोळे बारीक केलेली. मी तिच्याकडेच पाहत बसलो. तेवढ्यात त्याने आतलं काय काढलं, काय घातलं, कोण जाणे. डब्बा घरी आणला, पण उघडून पाहिला नाही.