भाजलं तर

त्या दिवशी दुपारी खिडकीची काच फुटली आणि तिचे तुकडे भिजवलेल्या साबुदाण्यात येऊन पडले. रबाळ्याच्या कारखान्यांच्या बाजूला धुराचा काळा लोट उठला होता. मी विजूला फोन लावत राहिले... ती उचलेना. संध्याकाळी तिच्या कंपनीतून फोन आला. स्फोटात तिच्या ऑफिसची भिंत तिच्या अंगावर कोसळली, एवढंच मी ऐकलं.

अनय, ईरा, व्हिडिओ कॉलवर खिदळणारी विजूआजी तुम्हाला माहीत आहे. माझी ही धाकटी नणंद मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत होती आणि दारं आपटायची. पुढेही आपटतच राहिली. एका रसायनांच्या कारखान्यात कंपनीची अंतर्गत वेबसाइट तिच्याकडे होती. सुट्ट्या, पगाराच्या पावत्या, नियम असं सगळं कामगारांना चटकन सापडेल असं लावायचं. शांत नोकरी, असं मला वाटायचं.

काही वर्षांपूर्वी तिथे पाइप फुटला आणि दिनेश नावाच्या कामगाराच्या हातावर आम्ल उडालं. त्यावर एक खास मलम लागतं. ते कुठे ठेवलंय हे पाहायला त्याचे सोबती संगणकाकडे धावले. वेबसाइटवर माहिती होती, पण आधी 'मुख्यालय' उघडा, त्यात सुरक्षा विभाग, त्यात धोरणं, त्यात कुठलातरी लांबलचक इंग्रजी मथळा... साहेबांना सगळं विभागवार हवं होतं ना! मागे दिनेश जमिनीवर लोळत किंचाळत होता, हाताची कातडी सोलून निघत होती, आणि हे बिचारे एकेक कप्पा उघडत होते. त्याची तीन बोटं गेली.

विजू तडक माझ्याकडे आली. हातातला कप तिने भिंतीवर फेकला. "वहिनी, मलम पलीकडच्याच कपाटात होतं गं!"

दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्यात फिरून एकेकाला विचारू लागली, "डोळ्यात काही उडालं तर काय टाइप करशील?" वेबसाइटच्या पहिल्या पानावरचा अध्यक्षांचा हसरा फोटो तिने काढून टाकला. साहेब म्हणाले, "मॅडम, काहीतरी शिस्त हवी." तिने टेबलावर अशी मूठ हाणली की वरची काच तडकली. "जळणारा माणूस विभाग शोधत बसतो का हो?" मेमो मिळाला, पण पान राहिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: भाजलं तर. वास आला तर. डोळे चुरचुरले तर.

मग तिची धाड माझ्या घरावर आली. माझी औषधं बेडरूमच्या कपाटात, इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली. मला त्याचा केवढा अभिमान! "लायब्ररी आहे का ही?" ती ओरडली. "तेल उडाल्यावर ए, बी, सी म्हणत बसणार आहेस?" भाजल्यावरचं मलम तिने एका डबीत घातलं आणि ती डबी गॅसशेजारी माझ्या नव्या टाइल्सवर चिकटवली. मी उपटली. तिने पुन्हा चिकटवली. आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि डबी तिथेच राहिली.

तिच्या तेराव्याला दिनेश आला. तो घणसोली गावातला. उरलेल्या बोटांनी चहाचा कप धरून म्हणाला, "काकू, वास आला तवा पोरांनी ताईंचा पान उघडला. वारा येतो तिकडं पला, असा लिवलेला हाय. आमी सगली पलालो. ताई मागून एकेकाला ढकलीत व्हत्या, शिव्या घालीत व्हत्या... मंग भडका झाला." त्याने कप खाली ठेवला. "बाकी कोनी मेला नाय, काकू. एकट्या ताईच."

परवा फोडणीचं तेल माझ्या मनगटावर उडालं. बेडरूमकडे पाय वळलेच नाहीत. नळाखाली हात धरला आणि दुसरा आपोआप डबीकडे गेला. तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, 'भाजलं तर. आधी नळ, मग मलम.'

काल खिडकीला नवी काच बसवायला माणूस आला होता. जाताना म्हणाला, "आजी, ही डबी काढू का? डाग पडलाय, टाइल पुसून देतो."

"हात लावून बघ, तोडून टाकीन!"

तो दचकून मागे सरला. सोसायटीतल्या चार खिडक्या उघडल्या. असं मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते... आमच्या घरात ते काम विजूचं होतं.