पाळणा जुना केला ती दुपार

केडगावला, पुणे रस्त्यापासून जरा आत, एका गल्लीत मी कॉलेजची पहिली दोन वर्षं खोली घेऊन राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे परगावी राहायला काय काय लागतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. येताना माझ्याबरोबर एक वळकटी, एक तांब्या आणि पत्र्याची पेटी एवढंच होतं. बाकीची खोली त्या गल्लीनं भरली.

तिथं जुनी वस्तू कुणी उकिरड्यावर टाकत नसे. घरमालकीणकाकूंचा ओटा रुंद होता. ज्याला जी वस्तू नकोशी झाली असेल ती तो तिथं आणून ठेवी आणि ज्याला हवी तो काकूंना सांगून घेऊन जाई. कुणाची होती, कुणी नेली, हे कुणी विचारत नसे. पोरगं शाळेत जायला लागलं की त्याची तीनचाकी ओट्यावर यायची. मग काही दिवसांनी तीच तीनचाकी दुसऱ्या टोकाच्या घरासमोर दुसरंच पोरगं चालवताना दिसायची. दुपारी कॉलेजातून परत येताना मला कधीकधी वाटे, या गल्लीत वस्तूच एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जातात आणि माणसं नुसती बघत बसतात.

मी मात्र बरेच दिवस काही घेतलं नाही. लाज वाटे. एक दिवस काकूंनीच हाक मारली.

"जमिनीवर वाकून लिहितोस. पाठीला पोक येईल. ते टेबल बघ, तुझ्यासाठीच थांबलंय."

"नको काकू, चालतंय माझं."

"तुला कोण देतंय? माझा ओटा मोकळा करून दे म्हणते मी."

टेबल घेतलं. मग बादली आली, मग एक आरसा आला. त्याचा कोपरा उडालेला होता, त्यामुळे भांग पाडताना माझा एक कान दिसत नसे.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, बाजाराला आलेले माझे चुलते खोलीवर आले. थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, बाळंतपणाला घरी आलेली होती. तिला मुलगी झाल्याचं त्यांनी सांगितलं. मी हसलो, पण चुलते हसले नाहीत. अक्काची आधीची दोन्ही लेकरं राहिली नव्हती. दोन्ही झोळीतच गेली, झोपेत. आमच्याकडे सगळी लेकरं साडीच्या झोळीतच वाढतात, मीही वाढलो. पण अक्कानं आता झोळीचं नाव टाकलं होतं.

"पोरगी मांडीवरनं खाली ठेवीत न्हाई ती," चुलते म्हणाले. "रातीबी न्हाई. बसल्या बसल्या डोळा लागला की दचकून उठती. तुझी आय म्हनली, ज्या घरची सगळी लेकरं जगल्यात तिथला पाळना मागून आन. बारशाच्या आत."

जगलेल्या लेकरांच्या घरचं काहीतरी मागून आणायचं, ही आमच्याकडची जुनी समजूत. कुणी अंगडं आणतं, कुणी दुपटं. मी शास्त्र शाखेत होतो. या गोष्टीवर माझा विश्वास होता का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण मांडीवर लेकरू घेऊन, भिंतीला न टेकता बसलेली अक्का मला दिसायला लागली आणि मी तसाच काकूंकडे गेलो.

काकूंची पाचही मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला माळ्यावर चढायला सांगितलं. पाळणा तिथं होता. लाकडी, चारही बाजूंनी गज, वरच्या दांडीला लाकडाच्या चिमण्या. कडांवर बारीक दातांच्या खुणा होत्या. गजांवर काजळाची बोटं उमटून तशीच राहिली होती. रंग कधीचाच उडालेला.

"हा ओट्यावर कधी ठेवला नाही मी," काकू म्हणाल्या. "कुणीतरी मागायला येईल म्हणून थांबले होते."

त्यांनी आपलं एक जुनं, मऊ झालेलं लुगडं काढलं, त्यात नारळ गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. पाळणा घराबाहेर रिकामा जाऊ द्यायचा नसतो म्हणाल्या. त्या त्याच दिवशी लेकीकडे पुण्याला निघाल्या होत्या. माझी गाडी दुसऱ्या दिवशीची.

पाळणा माझ्या खोलीत आला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. बारशाला अक्काच्या सासरची माणसं येणार होती. शहरात शिकणाऱ्या भावानं हे असलं आणलं, असं ती म्हणतील असं मला वाटायला लागलं. ओट्यावर कुणाच्या तरी खिडक्या रंगवून उरलेला हिरव्या रंगाचा डबा पडलेला होता. मी तो उचलला. दुपारभर दातांच्या खुणा घासल्या, काजळाची बोटं पुसली आणि सगळ्या गजांना हात दिला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो ओला हिरवा रंग असा चमकत होता, की त्या दुष्काळी वर्षी आमच्याकडे कुठंच नसलेलं गवत माझ्या खोलीत उगवल्यासारखं वाटत होतं. मी फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत पाळणा मांडीवर घेऊन बसलो. टपावर टाकायला मन होईना. लुगड्यातला नारळ हिसक्यासरशी इकडून तिकडं डोलत होता. सुप्याच्या अलीकडे कंडक्टर जवळ आला.

"ह्येचं अर्धं तिकीट का पुरं?"

"नारळ आहे तो," मी म्हणालो.

"बापावर गेलंय मग!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी गाडी हसली. शेजारची म्हातारी मात्र हसली नाही. तिनं लुगड्याचं टोक नारळावर नीट ओढून घेतलं, अगदी खऱ्या लेकराला ऊन लागू नये म्हणून ओढतात तसं. मग पारनेरच्या फाट्यापर्यंत तिचा हात पाळण्याच्या कडेवर होता. मला डुलकी लागली, तेव्हा तो तिनंच धरून ठेवला असणार.

घरी पोचलो तेव्हा दुपार चढलेली होती. बंधाऱ्याच्या दुष्काळी कामाला त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे वस्तीवरच्या बायका घरीच होत्या आणि पाळणा बघायला मागोमाग आल्या. आईनं नारळ काढून देवापुढं ठेवला. मग तिनं पाळण्यावरून हात फिरवला आणि तिचा हात थांबला.

"नवा आनलास व्हय रे?"

"नाही. जुनाच आहे. रंगवला मी."

"दातबीत उमटलेलं हुतं का कुठं?"

"होतं. घासून काढलं सगळं."

आई मटकन खाली बसली. "आरं लेकरा, जुना हुता म्हनून तर मागितला ना. त्येच तर आनायचं हुतं. नवा तर सुतारानंबी दिला असता."

आतल्या खोलीच्या दारात अक्का बसलेली होती. मांडीवर मुलगी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मुलीला आणखी जवळ घेऊन बसली. तिचे डोळे इतके आत गेले होते की मला तिच्याकडे बघवेना. रंग खरवडून काढू का, असं मी आईला विचारलं, पण खरवडून काय परत येणार होतं?

तेवढ्यात शेजारच्या मामी पुढं आल्या. त्यांच्या कडेवर वर्षाचं पोरगं होतं, त्याच्या हातात भाकरीचा तुकडा.

"एवढंच ना? जुना पायजे ना पाळना? मंग करू की जुना! हे घ्या माझं कार्टं. ह्येनं माझ्या घरात एक चीज नवी ठेवली न्हाई."

आम्ही पाळणा माजघरात आढ्याला टांगला. मामींनी पोरगं त्यात ठेवलं. त्यानं भाकरी टाकली, हिरवा गज दोन्ही हातांनी धरला आणि दात लावला. बायका हसल्या. मग दुसरी घरी जाऊन आपलं झोपलेलं लेकरू तसंच उचलून घेऊन आली. मग तिसरी. एकेक लेकरू पाळण्यात जात होतं, थोडा वेळ झोके घेत होतं, आपलं काजळ, लाळ, तेलाचं बोट कुठंतरी ठेवून बाहेर येत होतं. एकीच्या पोरीनं लुगडं ओलं केलं.

"झालं!" मामी ओरडल्या. "आता तर शंभर वर्साचा झाला!"

बाहेर ऊन पांढरं पडलेलं होतं. आत अंधार गार होता. दोरीची कुरकुर, बायकांचं हळू बोलणं, लेकरांचा दुधाचा वास, सगळं एकमेकांत मिसळत चाललं होतं. किती लेकरं झाली, मला कळेना. मला वाटलं, वस्तीवर इतकी लेकरं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दुष्काळातही ती सगळी जगत होती.

मग दारातून अक्काचा आवाज आला. कितीतरी वेळानं ती बोलली होती.

"त्यालाबी घाला की."

"कुनाला ग?"

"आमच्या भाऊला. त्योबी जगलेलाच हाय."

"अगं बया! कालेजातलं लेकरू मावंल का त्यात?" मामींनी माझा दंड धरला. "वाक रे, निदान डोस्कं तरी ठेव!"

मी कॉलेजच्या पँटीत गुडघ्यांवर बसलो आणि पाळण्यात डोकं टेकवलं. नाकात रंगाचा आणि ओल्या लुगड्याचा वास आला. कुणीतरी झोका दिला आणि माझं डोकंही थोडं हललं. अक्का हसली. पदर तोंडाला लावून, मांडी हलू न देता, पण हसली.

मी उठलो तेव्हा तीही उठली होती. पाळण्याजवळ येऊन तिनं एक गज बोटांनी चाचपला. तिथं मामींच्या पोराचा दात लागून रंग थोडा उडाला होता. त्या जागेवर तिचं बोट बराच वेळ होतं. आईनं ओलं लुगडं काढून कोरडी घडी घातली. अक्कानं मुलीला वाकून ठेवलं, पण हात खालून काढला नाही. वाकलेली तशीच राहिली. मग एक हात काढला. मग दुसरा.

मुलगी रडली नाही. डोळे उघडे ठेवून चिमण्यांकडे बघत राहिली.

आईनं हातानंच खुणा करून बायकांना बाहेर काढलं. अक्का पाळण्याखाली बसली आणि तिनं दोरी धरली. थोड्या वेळानं तिची मान खांबाला टेकली, मग खांद्यावर घसरली, आणि ती तिथंच जमिनीवर, हात उशाला घेऊन झोपली. दोरी तिच्या बोटांतून सुटली, ती मी उचलली. ऊन उतरेपर्यंत मी झोके देत होतो. अक्का एकदाही दचकली नाही.